मेडल नाही, टॉवेल मिळाला : आमच्याकडच्या एका छोट्या ट्रायथलॉनचा रिव्ह्यू

ट्रायथलॉन म्हणजे एकापाठोपाठ पोहणं, सायकल आणि पळणं. आधीच सांगून टाकते, या रेसचं नाव आणि गावाचं नाव इथं टाकणार नाहीये. भाव खायला म्हणून नाही ओ, आयोजकांनीच सांगितलंय की ताई लिहा बिनधास्त, जे खटकलं ते पण लिहा, पण नाव तेवढं नको, कारण मागच्या वेळी कुणीतरी व्हॉट्सॲपवर फिरवलं आणि आदल्या रात्री पंचवीसेक जण सायकली घेऊन दारात हजर, आणि यांच्याकडं होड्या चारच. सोलापूरपासून गाडीनं दीड तास, तलाव, शेजारी कालवा, एवढं पुरे. ज्याला खरंच करायचीय त्याला सापडते, कशी सापडते ते खाली लिहिलंय.

मी कोण तर वय ४३, टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते, पोहायला ३९ व्या वर्षी शिकले आणि अजून ब्रेस्ट स्ट्रोकच मारते, सायकल मुलाची (त्यानं दहावीनंतर हात लावला नाही, आता माझी). म्हणजे पोडियमवाल्यांनी हा रिव्ह्यू वाचायची गरज नाही. हा शेवटच्या दहात येणाऱ्यांसाठी आहे.

याच्याआधी मी एकच ट्रायथलॉन केली होती, एका मोठ्या शहरात, नाव नको. फी साडेचार हजार, हॉटेल वेगळं, सायकल न्यायला गाडी वेगळी. बॅगेत काय काय दिलं, टोपी, टीशर्ट, कसलीतरी पावडर. आणि वेळेच्या आत, नीट ऐका, वेळेच्या आत सहा मिनिटं राखून मी फिनिशला आले तर तिथली हवेची कमान खाली बसत चालली होती, एकजण तिची दोरी सोडत होता, केळी संपलेली, आणि माईकवाला पुढच्या कार्यक्रमाच्या स्पॉन्सरची नावं वाचत होता. आमचे हे बाजूला उभे होते पर्स धरून, एवढंच बोलले की चल, ट्रॅफिक लागेल. घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. दोन वर्षं परत नाव काढलं नाही त्या प्रकाराचं.

मग आमच्या पूलवर सकाळी येणाऱ्या एका काकांनी या रेसचं सांगितलं. गूगल फॉर्म, बाराशे रुपये यूपीआयवर, वेबसाइट नाही. मला वाटलं फसवाफसवी आहे. म्हणून मी मागच्या वर्षीचा निकाल मागितला आणि त्यांनी एक्सेलची शीट पाठवली. अकाउंट्सवाली बाई आहे, शीट मिळाली की आधी शेवटच्या ओळीवर जाते. तर शेवटच्या ओळीत एक ६४ वर्षांचे गृहस्थ, वेळ २ तास ५१ मिनिटं. आणि फॉर्मवर कट-ऑफ, म्हणजे रेस संपवायची मर्यादा, लिहिलाय सव्वादोन तास! म्हणजे कट-ऑफ होऊन ३६ मिनिटं झाल्यावरही कुणीतरी घड्याळ धरून उन्हात उभं होतं की. मी तिथंच पैसे भरले.

हीच माझी पहिली टीप आहे बरं का. छोटी रेस शोधताना फोटो बघू नका, फोटो सगळ्यांचे छान असतात, मागच्या वर्षीचा निकाल मागा आणि खालून वाचा. शेवटच्या माणसाची वेळ लिहिलेली आहे का, का दुपारी बारानंतर सगळ्यांच्या पुढं नुसतं डीएनएफ, म्हणजे रेस पूर्ण केली नाही. जे निकाल देत नाहीत त्यांच्याकडं जाऊ नका.

आता रेस. स्प्रिंट अंतर, म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ऑलिंपिकवाली याच्या दुप्पट, दीड किलोमीटर-४०-१०, आणि लोकं जी आयर्नमॅन आयर्नमॅन करतात ती ३.८ किलोमीटर पोहून १८० सायकल मारून वर ४२ पळायचं. गोव्याला २०१९ पासून सुरू झाली ती त्याची अर्धी, आणि कोल्हापूरला राजाराम तलावावर बर्गमन होते तिच्या नावापुढं ११३ लावतात ते पण १.९ अधिक ९० अधिक २१.१ मिळूनच. कोल्हापूरची मी प्रेक्षक म्हणून बघितलीय, वातावरण झकास, पण माझ्या आवाक्यातलं ते काम नाही. आणि लोकं विचारतात की ८१ जणांची कसली रेस, त्यांना सांगा की १९७४ साली अमेरिकेत सॅन डिएगोला पहिली ट्रायथलॉन झाली तिला ४६ माणसं होती, आणि १९७८ ला हवाईत पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा १५ जण निघाले आणि १२ पोचले. त्या हिशोबानं आमच्याकडं जत्राच भरली होती.

तारीख जानेवारीतली, सोलापूरची सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकल्यावरचा रविवार. हे डोकं ज्यानं लावलं त्याला शाबासकी. सोलापूरकडं मार्चनंतर असली रेस ठेवणं म्हणजे माणसं भाजून काढणं आहे, आणि पावसाळ्यात तलाव भरत असतो, पाणी गढूळ, ओढ पण असते. जानेवारीत पाणी भरपूर, गार पण सोसवेल इतपत, ऊन दहाशिवाय चटकत नाही. तोटा एकच, ऊस. त्याचं पुढं सांगते.

पहाटे साडेचारला निघालो. मागं सायकल, पुढं मी दोन स्वेटर घालून. पोचलो तर शाळेच्या मैदानात बांबू बांधून सायकली टांगायची सोय केलेली, नंबर खडूनं जमिनीवर लिहिलेले. मोठ्या रेसमध्ये लोखंडी स्टँड असतात, पण खरं सांगू का, बांबूवर सायकल जास्त नीट बसत होती. हातावर नंबर पेननं लिहिला. पायात बांधायची चिप नाही, वेळ घ्यायला कॉलेजची चार पोरं वही आणि मोबाईल घेऊन, दोघं दोघं एकाच नंबरची वेळ लिहिणार म्हणजे चूक झाली तर ताळा जमेल. हे बघून मला भारी वाटलं, आमच्या कारखान्यात गेटवर गाड्यांची नोंद पण इतकी नीट होत नाही.

बायकांसाठी शाळेची एक खोली दिली होती कपडे बदलायला. आणि इथं पहिला मार्क कापला. खोलीला आतून कडी नव्हती. आम्ही नऊ बायका, एक आत तर एक दाराला पाठ लावून उभी, असं चाललं. बाथरूम एकच आणि ते ८१ जणांना मिळून, आणि पहाटे सहाला रेसच्या आधी बाथरूमची काय गरज असते ते पळणाऱ्यांना सांगायला नको. मी आयोजकांना तोंडावर बोलले. तर तो मुलगा बिचारा लाल झाला, म्हणला ताई पुढच्या वर्षी नक्की. कडीला असे किती पैसे लागतात बाबा, पुढच्या वर्षापर्यंत कशाला थांबायचं.

सव्वासातला पोहणं सुरू झालं, दोन टप्प्यात. आधी फ्रीस्टाइलवाले, दहा मिनिटांनी आम्ही ब्रेस्ट स्ट्रोकवाली बेडूक मंडळी. हे त्यांनी बरोबर केलं, नाहीतर पुढच्याच्या लाथा खात जायला लागतं. पाण्यात चार होड्या, त्यातल्या तीन तिथल्याच मासे धरणाऱ्यांच्या, त्यांना पाणी पाठ आहे. सुरुवातीला एका होडीवाल्या मामांनी माईक न घेताच भाषण केलं, तेवढंच मला लक्षात राहिलं : "दमलं तर होडीला धरायचं. धरून दम खायचा. होडी मी पुढं नेणार नाही आणि तुम्ही बी ओढायचं नाही." सगळे हसले. पण नियम अगदी हाच आहे हो, जगात कुठंही गेलात तरी होडीला धरून थांबता येतं, पुढं सरकायचं नाही.

आता दुसरी तक्रार, आणि ही मोठी आहे. वळायच्या खुणा म्हणून निळे पाण्याचे ड्रम सोडले होते. निळे! निळ्या पाण्यात! जाताना तीनशे मीटर ठीक गेलं. वळून परत यायचं तर तोंड पूर्वेला, सूर्य नुकता वर आलेला, थेट डोळ्यात. सांगितलं होतं की येताना देवळाचा कळस धरा. सूर्य बरोबर त्या कळसाच्या मागं! काही म्हणजे काही दिसेना, नुसतं चकाकतंय सगळं. पूलमध्ये खाली काळी रेघ असते, ती बघत आपण शहाणे असतो, इथं खाली बघितलं तर मातकट अंधार, स्वतःचा हात दिसेना. माझ्या पुढं एक पिवळी टोपी होती, तिच्या मागं मागं गेले. ती पण चुकलेली. आम्ही दोघी निघालो सरळ पाणकणसात, मग मामांची शिट्टी, आणि हात करून दाखवलं इकडं इकडं. शंभरेक मीटर तरी जास्तीचं झालं असणार.

ड्रमवर नारिंगी कापड गुंडाळा एवढं मी फॉर्ममध्ये लिहून दिलंय. आणि जाणाऱ्यांना सांगणं, पोहायचा काळ्या काचेचा गॉगल न्या, आणि आदल्या दिवशी पोचलात तर काठावर उभं राहून सूर्य कुठून उगवतो ते बघा. दर आठ-दहा हातांना मान वर काढून समोर बघायची सवय पूलमध्येच करून घ्या. आणि प्रॅक्टिसच्या नावाखाली हिप्परग्याला किंवा कुठल्याही तलावात एकटं उतरू नका, तिथं शिट्टी मारायला मामा नसतात.

पोहण्याचा कट-ऑफ ३० मिनिटं आणि तो एकदम कडक. मी २७ मध्ये आले. माझ्या मागं दोघांना होडीत घेतलं, एकजण लई भांडला, पण मला ते पटलं, होड्या आणि पोरं किती वेळ पाण्यावर ठेवणार. पाण्यात सैल पडायचं नाही आणि जमिनीवर माणसाला वेळ द्यायचा, असा या लोकांचा खाक्या दिसला.

काठावर आल्यावर मातीत पाय घसरू नये म्हणून त्यांनी जुन्या सतरंज्या टाकलेल्या. वर आले, हेल्मेट घातलं, पट्टा लावला आणि मगच सायकलला हात. हे विसरू नका, पट्टा न लावता सायकल काढली तर मार्शल परत पाठवतो, इथं पण पाठवत होते. सहा मिनिटं घालवली मी कपड्यांत, कारण ओल्या अंगावर सलवार चढत नाही. हो, ट्रायसूटवर, म्हणजे या रेसच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यावर, सलवार. गावातली शंभर-दीडशे माणसं रस्त्याच्या कडेला बसलेली, मला नाही जमत बाकीच्यांसारखं. कुणी काही बोललं नाही हे पण लिहिते. एक आजी उलट म्हणाल्या, "गार पडली असशील गं बाय."

सायकलचा रस्ता गुळगुळीत वगैरे नाही, पण बरा. दोन्हीकडं ज्वारी कणसात आलेली, मधेमधे हरभरा, वारा डाव्या अंगानं. दहा किलोमीटर जायचं आणि तसंच परत. आणि मग तो ऊस. जानेवारीत आपल्या जिल्ह्यात कुठल्याही रस्त्यावर जा, ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर दोन-दोन हात ऊस, वर गाणी. आयोजकांनी फाट्यावर माणसं उभी करून ट्रॅक्टर थांबवले होते, पोलीस पण होता एक, तरी दोन ट्रॉल्या सुटल्याच. ट्रॉलीच्या मागं लागू नका आणि तिच्या शेजारून घुसायचा आगाऊपणा तर अजिबात नको. त्याहून वाईट म्हणजे रस्त्यावर सांडलेली कांडी, पुढचं चाक त्यावर गेलं की संपलं.

मी ट्रॉलीला नाही अडकले, सराट्यानं मारलं मला. सातव्या किलोमीटरला मागचं चाक बसलं. बघते तर सराटा, म्हणजे गोखरूचा काटा, आणि तो रस्त्यावरचा नव्हे, शाळेच्या मैदानातल्या गवतातला, सायकल ढकलत आणली तेव्हाच घुसलेला. गवतातून सायकल ढकलू नका, उचला. पुण्याच्या मंडळींनी सायकली खांद्यावर घेतल्या होत्या तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते त्यांना.

तर इथं या रेसचा कळसाध्याय. आयोजकांनी गावातला पंक्चरवाला नेमलेला! मोटरसायकलवर, मागं पेटी आणि पायपंप. मोठ्या रेसमध्ये नियम असा की बाहेरच्या कुणाची मदत घेतली तर बाद करू शकतात, पण आयोजकांनीच ठेवलेला माणूस चालतो. पाच मिनिटांत आला. माझी साधी सायकल, व्हॉल्व मोटरसायकलसारखा, पंप खटकन बसला. मागं एकजण कार्बनची सायकल घेऊन उभे, किंमत विचारायची हिंमत झाली नाही, त्यांचा तो बारीक लांबुडका प्रेस्टा व्हॉल्व. पंक्चरवाला बघतोय खालून वरून, "साहेब, याला तोंड कुठाय?" साहेबांकडं छोटासा पितळी अडॅप्टर नव्हता. पिशवीत टाकून ठेवा तो. मी निघाले तेव्हा साहेब सायकल खांद्यावर घेऊन शेतकऱ्याशी हुरड्याच्या गप्पा मारत होते, पुढं त्यांचं काय झालं माहीत नाही.

या भानगडीत १४ मिनिटं गेली. सायकल एकूण ७२ मिनिटं. परत येईपर्यंत मैदान निम्मं रिकामं, पहिले आलेले लोकं बूट काढून बसलेले, आणि माझ्या पोटात तोच जुना गोळा आला, की आता कमान खाली बसणार. इथं कमान नव्हतीच म्हणा, दोन बांबू आणि कापडी बॅनर. तरी.

पळणं कालव्याच्या कडेनं, अडीच किलोमीटर जाऊन परत, मुरमाची वाट, सावली नाही. दोन ठिकाणी पाणी, डेऱ्यातलं, शिवाय लिंबू सरबत आणि गूळ-शेंगदाणे. प्लास्टिकची बाटली एक नाही, स्टीलचे पेले, थांबून प्यायचं आणि ठेवायचं. वेगवाल्यांना हे आवडलं नाही म्हणे. मला थांबायला कारणच पाहिजे होतं. वळायच्या जागी एक म्हातारे खुर्ची टाकून बसलेले, हातात रबरी शिक्का, प्रत्येकाच्या मनगटावर मारत होते वळल्याची खूण म्हणून. मी धापा टाकत विचारलं, काका अजून कुणी आहे का मागं. ते म्हणाले, "आहेत की दोघं-तिघं. दमानं जा ताई, कुणाचं दुकान बंद होत नाही इथं."

आता यात रडण्यासारखं काय आहे सांगा. पण मला आलं रडू. पुढचा किलोमीटर मी तशीच पळाले, बरं झालं घाम होता.

२ तास २९ मिनिटं. कागदावरच्या कट-ऑफला १४ मिनिटं वर. ८१ पैकी ७८ वी. वहीवाल्या दोन्ही पोरांनी वेळ लिहिली, एकमेकांना दाखवली, ताळा जुळला. माईकवर माझं नाव घेतलं, आडनाव चुकीचं घेतलं, पण घेतलं. आणि आमचे हे, जे मागच्या वेळी ट्रॅफिकचं बोलले होते, ते एकदम पुढं येऊन कुणाचातरी ढोल बडवत होते. आयुष्यात पहिल्यांदा.

मेडल नाही. गळ्यात टॉवेल घालतात. आता हे माझ्या धंद्यातलं आहे त्यामुळं जरा लांबड लावते. सोलापुरी टेरी टॉवेलला जीआय टॅग आहे, पण म्हणून प्रत्येक टॉवेल चांगला असतो असं नाही, कार्यक्रमाला वाटायचे टॉवेल बहुतेक विरळ असतात, दोन धुण्यात जाळी. मी गळ्यात पडल्यापडल्या आधी काठ उलटून बघितला. दुहेरी शिलाई. मग दोन बोटात धरून लूप ओढून बघितला, सुटला नाही. तीस बाय साठ इंचाचा पूर्ण साइज, हाताला भरीव, माझ्या अंदाजानं चारशे जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) वरचाच असणार. बाराशे रुपयात हा टॉवेल, जेवण, होड्या, पंक्चरवाला. मी गाडीत बसून हिशोब मांडला आणि मला काही तो बसला नाही, यांना पदरचे घालावे लागत असणार.

जेवण : कडक भाकरी, शेंगा चटणी, दही, पातळ पिठलं, आणि नंतर हुरडा. कडक भाकरी दह्यात चुरून. बास, यावर रिव्ह्यू नको. शाकाहारी सगळं. चहा गोड होता फार.

कशी शोधायची ते राहिलं. रजिस्ट्रेशनच्या मोठ्या साइटवर असल्या रेस बहुतेक नसतात, असल्या तरी दहाव्या पानावर. मी काय काय केलं सांगते. एक म्हणजे पूलवर सकाळी पाच-साडेपाचला येणारी जी जनता आहे तिच्याशी बोला, सातनंतरचे लोकं व्यायामाला येतात, पाचवाल्यांचं काहीतरी चाललेलं असतं. सायकलच्या दुकानात रिपेअरला बसणाऱ्या पोराला विचारा, मालकाला नको, पोराला माहीत असतं कोण कुठल्या रेससाठी गिअर सेट करून घेतोय. बीआरएमवाली मंडळी, ते २०० किलोमीटर सायकल साडेतेरा तासात मारणारे, त्यांच्या ग्रुपवर सगळ्या गावच्या खबरा असतात. आणि स्ट्रावावर, म्हणजे व्यायामाची नोंद ठेवायच्या ॲपवर, जिल्ह्यातल्या सायकलवाल्यांच्या नोंदी चाळा, एखाद्याची तलावात पोहल्याची रेघ दिसली, लगत सायकलची आणि पळल्याची पण, आणि सगळ्या एकाच रविवारच्या, तर समजा तिथं काहीतरी झालंय. त्याला मेसेज टाका. मला अजून एक ड्युएथलॉन अशीच सापडलीय, पळणं-सायकल-पळणं, पोहायला न येणाऱ्यांची सोय.

फोन लावून चारच गोष्टी विचारा. पाण्यात होड्या किती आणि माणसं किती, ॲम्ब्युलन्स जागेवर उभी राहणार का नुसता नंबर आहे, पाटबंधारेवाल्यांची आणि पोलिसांची परवानगी काढलीय का, आणि बायकांना कपडे बदलायला काय. पहिल्या तीनपैकी एकाचं उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे भरू नका, मग टॉवेल कितीही जाड असू दे. यांनी होड्यांचं, ॲम्ब्युलन्सचं सगळं पटापट सांगितलं होतं, आणि चौथ्याला म्हणाले होते खोली आहे. कडीचं विचारायचं मला सुचलं नाही, तुम्ही विचारा.

पाचपैकी चार स्टार. अर्धा कडीचा गेला, अर्धा निळ्या ड्रमचा. पुढच्या जानेवारीत जाणार आहे, ननंद पण येतेय म्हणतेय, तिला अजून पाण्यात तोंड घालता येत नाही, बघू.

टॉवेल तीन वेळा धुतला. थोडा आटला, रंग सुटला नाही.